झिजलेले जबडे

माझा खडी क्रशर घनसावंगीच्या रस्त्याला होता. दगडातलं आपल्याला सगळं कळतं, असं मी छातीठोकपणे सांगायचो. आजही सांगतो. घोडं अडलं ते लोखंडात.

क्रशरचा जबडा म्हणजे दगड चावणारी पोलादी प्लेट. झिजली की बदलायची. पहिला झिजका जबडा घेऊन मी मस्तगडच्या भंगारवाल्याकडं गेल्तो. त्यानं लोहचुंबक लावलं, ते चिकटेचना. "हे लोखंडच न्हाई शेठ, घेऊन जा!" चुंबकापुढं कोण बोलणार? तेव्हापासून कामावरच्या बायांना सांगून ठेवलं, झिजका जबडा टाका कचीच्या ढिगात. दगडाच्या भुकटीचा तो ढीग वाढत वाढत शेजारच्या कपाशीच्या बांधाला टेकला.

मंग एका उन्हाळ्यात, शहागडकडच्या रस्त्याची खडी चालू असताना, जबडा मधोमध फुटला. क्रशर बंद. रोजंदारीची वीस-बावीस माणसं लिंबाखाली बसून माझ्या तोंडाकडं बघू लागली. त्यांच्या चुली क्रशरवर पेटायच्या. चार दिवसांत खडी गेली न्हाई, तर काम दुसऱ्याला, असं ठेकेदारानं बजावलं.

जालन्यात ओतकामाच्या कारखान्यात पळालो. मिस्त्री म्हणाला, "असला माल सध्या न्हाई. तुमचे जुने जबडे आणा, तेच वितळवून नवा ओतून देतो."

"अहो, ते लोखंड न्हाई!"

तो खो खो हसला. "शेठ, त्यात मँगनीज असतंय. त्याला चुंबक धरतच न्हाई. कोण शहाण्यानं सांगितलं तुम्हाला?"

शहाणा मीच. परत येऊन हुकूम सोडला, अख्खा ढीग उपसा! आठ दिवसांचं काम होतं ते, पण मागं हटणं माझ्या रक्तात न्हाई. तेवढ्यात बायांची मुकादम पुढं आली. तिला सगळे मावशी म्हणायचे.

"मालक, कशाला उपसता? या इकडं."

ढिगाच्या कडेला तिनं सब्बल मारली. टण्णकन वाजली. वरची वीतभर भुकटी सारली, तर खाली सगळे जबडे एकावर एक रचलेले, जपून.

"मावशी, मी फेका म्हणलं होतं ना?"

"म्हणला होता. पण घण मारण्यात जिंदगी गेली, लोखंड मला कळत न्हाई का? फेकवलं न्हाई."

"मंग बोलली का न्हाईस?"

"पहिल्याच जबड्याला बोलले होते की. तुमी म्हणला, तू खडी फोड, अक्कल शिकवू नको."

मला ते आठवतसुद्धा नव्हतं. लई लाज वाटली, खोटं कशाला सांगू?

चौथ्या दिवशी क्रशर सुरू झाला. तेव्हापासून आमचा झिजका जबडा कारखान्यात जायचा आणि नवा होऊन परत यायचा. तो कधी उतरवायचा हे मात्र मी ठरवत नव्हतो. मावशीला विचारायचो.