डबलकाकांची फाइल

आमच्या हॉस्पिटलात त्यांना सगळे डबलकाका म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. दार लावलं की दोनदा ओढून बघणार, मेल पाठवला की फोन करून "मिळाला का?" विचारणार. तळमजल्यावरच्या नेटवर्कच्या खोलीत मी सहा वर्षं त्यांच्या समोर बसतेय आणि त्यातली निदान दोन त्यांच्या तपासण्यांवर चिडण्यात गेली असतील. असा माणूस घाबरला की आपली पाचावर धारण बसते.

त्या मंगळवारी सकाळी सॉफ्टवेअरच्या कंपनीचं पत्र आलं. वॉर्डांतल्या यंत्रांच्या केबली ज्या तीनशे पेट्यांत येतात, त्या आम्ही याच सॉफ्टवेअरमधून चालवतो. पेट्यांचे पासवर्ड त्यात कुलूपबंद असतात. पत्रात कबुली होती: ते उघडायची किल्ली विकलेल्या प्रत्येक प्रतीत एकच होती आणि ती आता फुटली आहे. सोबत दुरुस्ती होती. मी ती वीस मिनिटांत बसवली, फक्त आमची अशी नवी किल्ली तयार केली आणि म्हटलं, चला, सुटलो.

काकांच्या चहावर साय धरली होती.

मग हळूहळू बाहेर आलं. चार वर्षांपूर्वी सॉफ्टवेअर अडलं, तेव्हा मदत मागायला त्यांनी आमची बॅकअप फाइल इंटरनेटवरच्या एका चर्चेच्या पानावर टाकली होती. आतले पासवर्ड कुलूपबंद आहेत, हे त्यांनी दोनदा तपासलं होतं. फाइल आजही तिथेच होती, एकशे चाळीस जणांनी उतरवून घेतलेली. आमच्या नव्या किल्लीने तिचं काहीच बिघडत नव्हतं. जुन्या किल्लीने ती कुणालाही उघडता येणार होती आणि आम्ही तेव्हापासून एकही पासवर्ड बदलला नव्हता.

तिसऱ्या मजल्यावर अतिदक्षता विभाग आहे. तिथली पेटी कुणी बाहेरून बंद पाडली, तर बारा खाटांचे आकडे नर्सच्या पडद्यावरून जातील आणि टेबलावरची धोक्याची घंटाही वाजणार नाही. सात नंबरच्या खाटेवर काकांची थोरली बहीण होती. आईच्या माघारी तिनेच त्यांना वाढवलेलं.

आमचा नियम असा, की पेटीला हात लावायचा तर त्या वॉर्डात प्रत्येक खाटेपाशी एक माणूस बसवायचा. रोजच्या रिवाजाने दोन-दोन वॉर्ड घेतले असते तर तीन आठवड्यांत सगळे पासवर्ड बदलून झाले असते, कुणाला पत्ताही लागला नसता. आजच करायचं तर साहेबांना कारण सांगावं लागणार होतं. काकांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते.

"तीन आठवडे चालतील ना गं?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

मला त्यांची कीव आली आणि रागही आला. राग आधी बाहेर पडला.

"काका, ताईंना तीन आठवडे तशाच ठेवाल का?"

ते उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले. दहा मिनिटांनी परत आले तेव्हा चेहरा पांढराफटक होता. साहेबांनी नोकरीचं नंतर बघू म्हटलं होतं आणि अतिदक्षतेपासून सुरुवात करायला सांगितलं होतं.

साडेअकराला वरून निरोप आला, प्रत्येक खाटेपाशी माणूस बसलाय. काकांनी नवा पासवर्ड दोनदा वाचून दाखवला, टाइप मी केलं. तो लागला. पेटीत कोण कधी शिरलं याची नोंद मी उघडली, तेवढ्यात तिच्या तळाशी एक ओळ उमटली: पासवर्ड चुकला. मी काही दाबलं नव्हतं. पुढे दिसणारा नेटवर्कचा पत्ता हॉस्पिटलबाहेरचा होता. थोड्या वेळाने दुसरी ओळ आली, मग तिसरी. कुणीतरी जुनाच पासवर्ड सावकाश, थांबून थांबून टाकत होतं.

काकांनी नोंद वर सरकवली. तोच पत्ता त्याच दिवशी सकाळी सव्वानऊलाही होता. त्यापुढे लिहिलं होतं: प्रवेश मिळाला.

मी तो पत्ता अडवला आणि साहेबांना फोन लावला. मागे वळून बघितलं तर काका खोलीत नव्हते, दार सताड उघडं होतं.

ते मला वर सापडले. ताई झोपल्या होत्या आणि त्यांच्या उशाशी पडद्यावर नाडीचा आकडा ठळक दिसत होता. काका त्याच्याकडे पाठ करून बसले होते. ताईंच्या मनगटावर बोटं ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ते स्वतः ठोके मोजत होते.