टिपणिसांचं ऑम्निरा

सिंगापूरच्या टॅम्पिनीसमध्ये अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या हेमचंद्र टिपणिसांकडे कुणी पाहुणा आला, तर ते त्याला आधी पाणी विचारत नाहीत. "ऑम्निरा बघितलंय का?" असं विचारतात. पाणी शुभदाबाई आणतात. तोवर टिपणिसांनी टीव्हीखालच्या कपाटातून ते राखाडी धूड बाहेर काढलेलं असतं, वरचा भरतकामाचा रुमाल अलगद बाजूला केलेला असतो, आणि पाहुण्याला पुढच्या पाऊण तासासाठी सोफ्यावर जखडून टाकलेलं असतं.

ऑम्निरा म्हणजे नेमकं काय, हे सांगणं कठीण आहे. ते बाजारात आलं तेव्हा विकणाऱ्यांनाही ते सांगता आलं नव्हतं आणि सगळा घोळ तिथंच झाला. एका परदेशी कंपनीनं १९९४ साली ते काढलं. टीव्हीला जोडायचं, आत तबकडी सरकवायची, की पडद्यावर ज्ञानकोश उघडणार, चित्रं हलणार, गाणी वाजणार, खेळ सुरू होणार. खेळांच्या दुकानदारानं ते टीव्हीच्या दुकानात पाठवलं, टीव्हीवाल्यानं कॉम्प्युटरच्या, आणि कॉम्प्युटरवाल्यानं सरळ शटर ओढलं. मुलांनी त्यातला खेळ लावून पाहिला, तर त्यातला वीर बोहल्यावर चढणाऱ्या नवरदेवाच्या चालीनं चालायचा. शत्रू कंटाळून मरायचे. मोठ्या माणसांनी विचारलं, "यात सिनेमा दिसतो का?" दिसायचा, पण त्यासाठी एक जादा कार्ड लागायचं, आणि ते कार्ड 'लवकरच येत आहे' असं शेवटपर्यंत येतच राहिलं.

टिपणीस पुण्याहून सिंगापूरला आले ते या ऑम्निरासाठी. वय एकतीस, डोक्यावर केस, डोक्यात भविष्य. त्यांना इथं आणलं श्रीनिवास गद्रेनं. श्रीनिवास कॉलेजात दोन वर्षं पुढे होता, नोकरीतही पुढे होता, आणि बोलण्यात तर मैलभर पुढे होता. "हेमू, हे यंत्र नव्हे रे," तो म्हणायचा. "हा घरातला जाणता माणूस आहे." टिपणिसांना ते वाक्य इतकं आवडलं, की आजही ते पाहुण्यांना ऐकवताना त्यांचा आवाज जरा ओलसर होतो.

कंपनीनं ज्ञानकोश काढला, गोल्फ शिकवणारी तबकडी काढली, फ्रेंच चित्रकारांची काढली. टिपणिसांनी रविवार खर्ची घालून गणपतीच्या पूजेची काढली. त्या वेळी इथली मराठी घरं कॅसेट लावून पूजा करायची. पण कॅसेट काही कुणासाठी थांबत नाही. यजमान दूर्वांची जुडी शोधायला फ्रिजकडे पळाला, की तो परत येईस्तोवर कॅसेटमधले गुरुजी नैवेद्यापर्यंत पोचलेले. टिपणिसांची तबकडी थांबायची. "आता फूल वाहा. झालं की बटण दाबा," असं म्हणून गप्प बसायची. मिनिटभरात बटण दाबलं नाही, तर मायेनं विचारायची, "झालं का?" आवाज श्रीनिवासचा होता. अकरा घरांनी ती तबकडी वापरली. त्यातल्या दहा घरांनी पुढं इंटरनेटवरचे गुरुजी धरले. टिपणिसांच्या घरी मात्र दर भाद्रपदात ऑम्निराच चालू व्हायचं, आणि खुद्द श्रीनिवास समोर पाटावर बसून स्वतःच्याच "झालं का?" ला "हो हो, थांब जरा" असं उत्तर द्यायचा. तीस वर्षं सगळे दर वेळी हसले.

ऑम्निरा डिसेंबर १९९५ मध्ये बंद पडलं. एका सोमवारी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, केक कापला आणि संपलं म्हणून सांगितलं. त्याच्या तीन महिने आधी शुभदाबाई पुण्यातली कॉलेजमधली कायमची नोकरी सोडून, दोन वर्षांच्या गार्गीला घेऊन इथं आल्या होत्या. त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. इथं त्यांना कॉलेज मिळालं नाही, ते नाहीच मिळालं. घरी शिकवण्या घेता घेता तीस वर्षं गेली. टिपणीस कुणाच्या तरी दुरुस्ती विभागात लागले, मग कुणाच्या तरी मदत केंद्रात, आणि 'बंद करून पुन्हा चालू करा' हे वाक्य पंचवीस वर्षं नम्रपणे म्हणून निवृत्त झाले. या साऱ्यावर टिपणिसांचं एकच म्हणणं होतं. ते शुभदाबाईंना त्यांनी पहिल्या महिन्यात सांगितलं, आणि पुढे त्या कधी कॉलेजचे जुने फोटो काढून बसल्या की पुन्हा सांगितलं. "कुणालाच माहीत नव्हतं गं, शुभा." त्यावर शुभदाबाई "हं" म्हणायच्या. त्यांचा संसार या 'हं'वर उभा होता, आणि बऱ्यापैकी उभा होता.

यंदा गार्गीनं एक बातमी आणली. ती प्रदर्शनं भरवणाऱ्या एका संस्थेत काम करते. पाया लेबारच्या एका मॉलमध्ये 'आपटलेली यंत्रं' असं प्रदर्शन होतं.

"बाबा, तुझं ऑम्निरा दे ना. चालू आहे ना अजून? तसं दुसरं सगळ्या सिंगापूरमध्ये नाहीये, आय चेक्ड."

"आपटलेली म्हणजे काय गं?" टिपणिसांनी विचारलं.

"फेल्ड, बाबा. बट इन अ क्यूट वे, ला... म्हणजे, प्रेमाने."

प्रेमाने आपटलेल्या यंत्रांत आपलं यंत्र जाणार, या कल्पनेनं टिपणीस दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी स्वतः टॅक्सीत मांडीवर घेऊन ते पोचवून आले. शनिवारी दुपारी उद्‍घाटनाला इस्त्रीचा शर्ट घालून हजर झाले. श्रीनिवासही येणार होता. शुभदाबाईंच्या शिकवण्या होत्या, म्हणून त्या घरीच राहिल्या.

प्रदर्शनात ऑम्निराला मधली जागा मिळाली होती. पूजेची तबकडी चालू होती. चिनी, मलय, तमिळ मुलं रांगेनं बटण दाबून पडद्यावरच्या गणपतीला फुलं वाहत होती, आणि शेजारच्या काचेच्या पेटीत कंपनीचे जुने कागद मांडलेले होते. कंपनीतले कोह नावाचे साहेब मध्यंतरी वारले. त्यांच्या मुलीनं खोकंभर कागद संस्थेला देऊन टाकले होते.

"बाबा, इकडे ये!" गार्गी त्यांचा हात धरून म्हणाली. "तुझं नाव आहे यात! मी मुद्दाम हाच कागद समोर ठेवायला लावला. फेमस झालास तू."

तिला कुणीतरी हाक मारली, ती गेली. टिपणिसांनी चष्मा बदलला. एका बैठकीचं इतिवृत्त होतं. तारीख, १८ ऑगस्ट १९९५. ठराव पहिला: ऑम्निराचं उत्पादन डिसेंबरात थांबवायचं. बाहेर, विशेषतः कर्मचाऱ्यांत, कुणी बोलायचं नाही. ठराव दुसरा: श्री. गद्रे यांनी मागितलेली चिप विभागातली बदली मंजूर. मात्र त्यांच्या जागी श्री. टिपणीस प्रमुख म्हणून राहतील याची खात्री झाल्यावरच त्यांना सोडावं. खाली पाच सह्या होत्या. चौथी सही श्रीनिवासची होती, त्याच्या त्या नेहमीच्या शेपटीसकट.

पाठीमागून ऑम्निरा म्हणालं, "झालं का?"

टिपणिसांनी कागद पुन्हा वाचला. प्रमुख झाल्याचे त्यांनी पेढे वाटले होते. इथं पेढे मिळत नव्हते, म्हणून दूध आटवून घरी केले होते. पहिला पेढा श्रीनिवासच्या तोंडात घातला होता, आणि तो म्हणाला होता, "साखर जरा कमी आहे."

"झालं का?" ऑम्निरानं पुन्हा विचारलं. बटणापाशी आता कुणीच नव्हतं.

श्रीनिवास आला तो हातात कॉफीची पिशवी हलवत. इथं खाण्याच्या टपऱ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये दोरी बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कॉफी देतात, तशी. "अरे हेमू, काय गर्दी! तेव्हा एवढी माणसं आली असती तर..."

टिपणिसांनी काचेकडे बोट दाखवलं.

श्रीनिवासनं वाचलं. त्या एका पानाला त्याला फार वेळ लागला. इंग्रजी त्याचं उत्तम होतं.

"हे कोहनं ठेवलं होतं होय," तो शेवटी म्हणाला.

"तुला माहीत होतं."

"अरे, बोलायचं नाही अशी अट होती. लिहिलंय बघ तिथं."

"सप्टेंबरात शुभाचा फोन आला होता. प्राचार्य म्हणत होते, वर्षभर बिनपगारी रजा घ्या, जागा राखून ठेवतो. मी तुला कॅन्टीनमध्ये विचारलं. तू काय म्हणालास?"

श्रीनिवासनं पिशवीच्या दोरीशी चाळा केला. "आठवत नाही रे."

"मला आठवतं. तू म्हणालास, अर्धवट कशाला, सरळ राजीनामा दे म्हणावं. इथं दहा वर्षं हलायचं नाही आपल्याला."

"रजेवर आलेली बायको परत गेली असती तर तूही गेला असतास, हेमू. मग मला कोण सोडणार होतं? घरी मेधाला सातवा महिना होता. नोकरीबरोबर इथला कामाचा पास रद्द झाला असता, तर तिला घेऊन मी..." त्यानं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मला वाटलं, तुझं काहीतरी होईलच. तू हुशार होतास."

हे 'होतास' टिपणिसांना सगळ्यात जास्त लागलं असावं. त्यांनी चष्मा पुसला, पण घातला नाही.

"मला नको सांगूस," ते म्हणाले. "हे तिला सांग. आत्ता."

पाया लेबारहून टॅम्पिनीसपर्यंत दोघं एमआरटीच्या गाडीनं आले. सवयीनं शेजारी उभे राहिले. ज्येष्ठांसाठीच्या दोन जागा रिकाम्या होत्या. एका तरुणीनं दोनदा हातानं खुणावलं. एक एकसष्ट वर्षांचा आणि एक त्रेसष्ट वर्षांचा, दोघांनीही आपण त्यातले नसल्याचा चेहरा केला आणि टॅम्पिनीस येईपर्यंत दांडीला लटकत राहिले.

शुभदाबाई फळ्यावरचं पेशीचं चित्र पुसत होत्या. दोन मुली वह्या भरून निघाल्या होत्या.

"लवकर आलात? या श्रीनिवासराव. चहा टाकते."

"चहा नको," टिपणीस म्हणाले.

या घरात श्रीनिवासच्या चहाला 'नको' असं याआधी कुणी म्हटलेलं नव्हतं. शुभदाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. श्रीनिवास उभाच राहिला आणि उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. एरवी साधी भाजी आणल्याची गोष्ट रंगवून सांगणारा माणूस, पण हे त्यानं पाच-सहा वाक्यांत उरकलं.

"तारीख काय म्हणालात?" शुभदाबाईंनी विचारलं.

"अठरा ऑगस्ट."

"मी बारा सप्टेंबरला राजीनामा दिला." त्यांच्या हातात फळा पुसायचं फडकं तसंच होतं. "पंचवीस दिवस होते तुमच्याकडे."

"वहिनी, मेधाचे दिवस भरत आले होते. मला दुसरं काही सुचलं नाही."

"मेधाचं बाळंतपण मी केलं. विसरलात? नोकरी नव्हती ना मला. वेळच वेळ होता."

"मला माफ करा," श्रीनिवास म्हणाला.

"ते बघू पुढं. आज तुम्ही जा."

तो गेला. लोखंडी जाळीचं दार त्यानं हळूच ओढून घेतलं, आजारी माणसाच्या खोलीतून बाहेर पडताना घेतात तसं. टिपणिसांना खरं सांगायचं तर थोडं हलकंच वाटत होतं. तीस वर्षांनी का होईना, गुन्हेगार सापडला होता, आणि तो आपण नव्हतो. ते सोफ्यावर टेकले.

"आणि तुम्हाला?" शुभदाबाई म्हणाल्या. "तुम्हाला खरंच काही कळलं नव्हतं?"

टिपणिसांनी नेहमीचं वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण त्या वाक्यातलं 'कुणालाच' तर आताच दाराबाहेर गेलं होतं. पंखा फिरत होता.

"जुलैपासून ट्रक परत यायला लागले होते," ते म्हणाले. "जुरोंगच्या गोदामात. मी तिथल्या माणसाला विचारलं, तर म्हणाला, दुरुस्तीला आलीत यंत्रं. सील न फोडलेली खोकी होती, शुभा. सील न फोडलेलं यंत्र दुरुस्तीला कसं येईल?"

"हे तेव्हा लक्षात आलं होतं तुमच्या?"

"आलं होतं."

"मग?"

"मग मी पुन्हा गोदामाकडे गेलोच नाही. तू यायची होतीस. गार्गी तोवर चालायला लागली होती आणि मी तिला चालताना पाहिलं नव्हतं. विचारलं असतं, तर तू आली नसतीस."

शुभदाबाईंनी फडक्याची घडी घातली. मग ती मोडली आणि पुन्हा घातली.

"मग मी त्या एकट्यालाच का घालवलं?" त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. शिकवणीच्या पोरीला चुकलेलं उत्तर विचारावं, तसा होता.

टिपणीस उठले. चपला पायात सरकवल्या. त्या 'कुठं निघालात' म्हणतील म्हणून उंबऱ्यावर जरा रेंगाळले. त्या फळ्यावरचं उरलेलं चित्र पुसायला वळल्या.

बाहेरच्या लांब कॉरिडॉरच्या टोकाला, लिफ्टपाशी, श्रीनिवास अजून उभा होता. टिपणीस जाऊन त्याच्या शेजारी उभे राहिले.

"काय म्हणाल्या वहिनी?" त्यानं विचारलं.

टिपणिसांनी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं. दोघांतलं कुणीच आत शिरलं नाही. लिफ्टचं दार मिटत असताना मागून, टिपणिसांच्या घराच्या जाळीच्या दाराला आतून कुलूप लागल्याचा आवाज आला.