शेवटच्या बांधीचे पाणी

आमच्या गावच्या तलावाची पाळ दर उन्हाळ्यात सगळे गाव मिळून दुरुस्त करी. घरटी एक माणूस, टोपली-कुदळ आपली, शिदोरी आपली. कोणाची जमीन किती, हे त्या कामात कोणी पाहत नसे. दसऱ्याच्या सुमारास पाऊस थांबला की तलावाचे तुडूम, म्हणजे पाणी सोडण्याचे तोंड, उघडत. तेव्हा मात्र जमीन पाहिली जाई. आधी मालगुजाराची सीर, म्हणजे गावच्या त्या जमीनदाराची घरची शेती, भरायची. मग पाटालगतच्या मोठ्या शेतकऱ्यांच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे. त्यानंतर एका बांधीचा धुरा, म्हणजे कडेचा बांध, फोडून दुसरीत, दुसरीचा फोडून तिसरीत असे करत पाणी शेवटच्या बांध्यांपर्यंत जाई. उरले तर. त्या शेवटच्या बांध्यांत दोन माझ्या वडिलांच्या होत्या.

गाव केशोरीच्या बाजूचे, तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातले. मी गोंदियाला हायस्कूलमध्ये होतो आणि सुट्टीत छोट्या लाइनच्या गाडीने घरी येई. एकावन्न साली मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचा झाला. नागरिकशास्त्राचे मास्तर वर्गात म्हणाले, "अब न कोई मालिक, न कोई रैयत. सबका एक-एक वोट." ते वाक्य मी जसेच्या तसे घरी नेले. वडिलांनी ऐकून घेतले आणि बैलांना पाणी पाजायला गेले.

दोन-तीन वर्षांनी पाऊस लवकर गेला. लोंब बाहेर पडायच्या बेतात होती. त्या वेळी एक पाणी मिळाले तर दाणा भरतो, नाही मिळाले तर हाती नुसते तणीस, म्हणजे पेंढा, राहते. शेवटाकडच्या सगळ्या घरांचे वर्षाचे जेवण त्या एका पाण्यावर होते. तलावात सगळ्यांना पुरेल एवढे पाणी नव्हते, म्हणून पंचायतीची सभा बोलावली गेली. सरपंच कोण होते? माजी मालगुजारच. लोक त्यांना अजून मालक म्हणत.

मी सुट्टीवर आलो होतो. शेवटाकडची घरे सिरीच्या बाजूच्या घरांपेक्षा जास्त होती, हे मला दिसत होते. मी वडिलांना आणि शेजारच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याला सांगितले की मत मागा, यंदा पाणी शेवटाकडून सोडायला लावा. न्याय ही मोजून घ्यायची गोष्ट आहे, अशी तेव्हा माझी समजूत होती.

सभेत म्हाताऱ्याने खरोखर मत मागितले. मालक खुर्चीवर होते, बाकीचे खाली. मालक हसले.

"घ्या ना मत. कोण नाही म्हणून राहिला? ज्याला वाटते शेवटाकडून पाणी सोडावे, त्याने हात वर करावा."

आणि ते एकेकाच्या तोंडाकडे पाहू लागले. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. म्हाताऱ्याचा हात खांद्यापर्यंत गेला, तिथे थांबला आणि त्याने मान खाजवली.

"काय बुढा, मत देऊन राहिला का मान खाजवून राहिला?" सिरीकडच्या एकाने विचारले. सभा हसली. म्हाताराही हसला. माझ्या वडिलांचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. ते तिथेच राहिले. सचिवाने लिहिले की पाणी पूर्वापार पद्धतीने सोडण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

वाटेत मी वडिलांना विचारले, "हात काऊन नाही वर केला, बाबा?"

"आपले बैल कोठी चरतेत?"

"ते रान आता सरकारचं आहे."

"सरकार भंडाऱ्याले राहते. राखणदार मालकाचा आहे, तो इथी राहते." थोडे चालून ते म्हणाले, "तुहा कायदा वाईट आहे असं मी नाही म्हणून राहिलो, बापू. पण हात मालकाच्या डोऱ्यासमोर वर करायचा होता."

त्या सुट्टीत पाणी सिरीत इतके साचले की जादाचे नाल्याला गेले. मधल्या बांध्यांच्या शेतकऱ्यांनी धुरे फोडलेच नाहीत. आमची लोंब दाण्यावाचून पांढरी निघाली.

गोंदियाला परतल्यावर मी हे सगळे लिहून एका हिंदी साप्ताहिकाकडे नेले. नाल्यात वाहून गेलेले पाणी मी स्वतः पाहिले होते, तेही लिहिले. छापून आले ते असे, की किसानों ने एकमत से जलवितरण का निर्णय लिया. मी संपादकांना जाऊन विचारले.

"पंचायत का कागज भी आया है, भाई. एकमत लिखा है. किसीने विरोध किया क्या?"

"केला नाही."

"तो फिर?"

ते त्यांच्या परीने नियमाने वागत होते. विरोध झाला नव्हता हे खरे होते आणि छापलेली बातमी खोटी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा असू शकतात, हे मला त्यांना सांगता आले नाही. त्या दिवशीचा राग अजून उतरलेला नाही.

पुढच्या आषाढात मी मॅट्रिक होऊन घरी होतो. आमच्याकडे धानाची रोवणी बायाच करतात. तिचाही क्रम पाण्यासारखाच ठरलेला होता: आधी सीर, मग मोठ्यांच्या बांध्या, आणि आपले परे, म्हणजे लावणीची रोपे, वाढून पिवळे पडले की मग आपली शेते. एका सकाळी शेवटाकडच्या बाया सिरीजवळून सरळ पुढे गेल्या आणि आमच्या बांधीत उतरल्या. मालकांचे दिवाणजी छत्री घेऊन धुऱ्यावर आले.

"ए बायांनो, वाट चुकल्या का? सीर तिकडं राहिली."

"चुकलो नाही जी," माझी आई वाकल्या-वाकल्याच म्हणाली. "पयले आमच्या बांध्या, मंग सीर."

"मालकाचे परे वाढून राहिले ना!"

"आमचे तं दरसाल वाढतेत. तवा नाही आले तुमी छत्री घेऊन."

"पाणी आमाले शेवटी, तं रोवणी तुमाले शेवटी," दुसरी म्हणाली. "बराबर आहे का नाही?"

"हे कोणी काढलं? कोण आहे पुढारीण?"

कोणी मान वर केली नाही. चिखलात ओळीने वाकलेल्या बायांत तोंड दिसत नाही, पाठ दिसते. "मालकाइले घाई असन तं सांगा उतराले," मागून आवाज आला. "लुगडं आमी देतो." ओळभर हसू पसरले. दिवाणजी गेले.

राखणदाराने आमचे बैल अडवले. बायांनी निरोप पाठवला की बैल सुटल्याशिवाय सिरीत एक काडी लागणार नाही. परे वाट पाहत नाहीत, हे मालकांना माहीत होते. बैल सुटले, आणि यंदा एक पाणी शेवटाकडून सोडू, असा शब्दही मिळाला.

तो शब्द पाळला गेला. दसऱ्यानंतर मधले धुरे आधी फुटले, आमच्या बांध्या प्रथमच आधी भरल्या आणि दाणा भरला. सभेच्या ठरावात लिहिले गेले, 'माजी मालगुजारांच्या उदार सूचनेवरून, एकमताने.' त्या सभेलाही बायांना बोलावणे नव्हते. आई अंगणात धान पाखडत होती, तेव्हा मी तिला ते वाक्य सांगितले.

"लिहू दे," ती म्हणाली. "त्याइले कागद पायजे, आमाले धान."

मला ते तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही. ज्यांनी पाणी मिळवले त्यांचे नाव कुठेच लिहिले नाही, तर पुढच्या वर्षी त्यांनी ते मिळवले होते असे कोण म्हणणार? पुढच्या वर्षी मालकांनी छत्तीसगडकडून रोवणीसाठी बायांची टोळी आणली. बैलांना पुन्हा रान बंद झाले. पाणी पुन्हा सिरीपासून सुटले. तो ठरावही एकमताने होता.

साठ सालच्या सुमारास मी वर्तमानपत्रात नोकरीला लागलो. वार्ताहराच्या बातमीत 'एकमताने' आले की मी ती परत पाठवी आणि विचारी: सभेला कोणाला बोलावले नव्हते? हात वर करायला कोणी सांगितले, आणि बसलेल्यांपैकी किती जण त्याच्या शेतावर राबतात? बहुतेक जण बातमी पुन्हा पाठवतच नसत. एकाने चिडून उत्तर लिहिले, 'पाण्याच्या सभेला बायांना कोण बोलावतो?'

त्याची बातमी मी छापली नाही.