नत्थुजी कॉलेज तपासायला जातात

आमच्या अकोल्याच्या जठारपेठेत नत्थुजी गावंडे यांना ओळखत नाही असा माणूस नाही. चौतीस वर्षे ते एसटीत कंडक्टर होते. त्यातली निम्मी अकोला-अचलपूर गाडीवर गेली आणि बाकीची अमरावतीच्या फेऱ्यांवर. निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली, पण घराबाहेर पडताना कापडी पिशवी आजही गळ्यातून आडवी घालतात, कारण दोन्ही हात मोकळे नसले तर त्यांना सुचत नाही. माझे यजमान वकील होते. नत्थुजींची त्यांच्याशी दोस्ती होती, म्हणून मी त्यांची 'वयनी'.

नत्थुजींचा सांगितलेल्या गोष्टीवर विश्वास नसतो. हॉटेलात गेले की मेनू बघण्याआधी मागच्या मोरीचा नळ पाहून येतात. मुलगा ललित याच्यासाठी धामणगाव रेल्वेचं स्थळ आलं, तेव्हा पाहण्याच्या कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी ते एकटेच गेले आणि मुलीच्या घरासमोरच्या पानठेल्यावर सकाळपासून दुपारपर्यंत बसले. मुलीचे वडील भाजीवालीशी कसे बोलतात एवढंच त्यांना ऐकायचं होतं. मंजुषा सून म्हणून आली ती त्या भाजीवालीच्या भरवशावर. वाईट निवड नव्हती.

हीच सवय ललितच्या शिक्षणाच्या वेळी मात्र घरात अडचणीची झाली. ललितला पुढे चित्रकला शिकायची होती. नत्थुजींनी चित्रकलेच्या कॉलेजच्या दारात एक दिवस काढला आणि मुलाला कॉमर्सला घातलं. ललित त्याबद्दल काही बोलत नाही. त्याची मुलगी जुईली मात्र बोलते.

गेल्या जुलैची गोष्ट. जुईलीला सीईटीत चांगले गुण पडले. तिला पुण्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंग करायचं होतं. यादी चाळून शेवटी दोन कॉलेजं उरली. दोन्ही पुण्यातच, एकमेकांपासून सात किलोमीटरवर, आणि दोन्ही लागण्याची शक्यता सारखीच. पण ऑनलाइन फॉर्मवर एकालाच पहिली पसंती देता येते आणि पहिल्या पसंतीचं लागलं तर ते घ्यावंच लागतं. फॉर्म भरायची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. जुईलीचा कल नव्या कॉलेजकडे होता. त्याची इमारत सगळी काचेची आणि माहितीपत्रकात इलेक्ट्रिक गाडी बनवण्याची मोठी लॅब. दुसरं जुनं, दगडी, त्याच्या माहितीपत्रकाचा फोटोसुद्धा धड लागलेला नव्हता.

शनिवारी सकाळी ती घरात म्हणाली, "या वेळी माझं मी ठरवणार. आबाजींनी फक्त आशीर्वाद द्यायचा."

तासाभरात नत्थुजी माझ्या ओट्यावर हजर.

"वयनी, एक इंग्रजी चिठ्ठी पाहिजे."

"कशाला?"

"पुण्याले जाऊन येतो. दोन्ही कॉलेजं पाहतो. मराठी चिठ्ठी दाखवली तर वॉचमन मले गेटवरूनच पलटवते."

"जुईलीला सांगितलंत?"

"तिले सांगतलं का अमरावतीले पुतण्याकडे चाललो, डॉक्टरले गुडघा दाखवाले."

"आणि मीही तेच सांगायचं?"

"तुमाले कोन इचारते, वयनी? तुमी कॉन्व्हेंटच्या. खोटं बोलाल असं कोनाले वाटतच नायी."

अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेटने आम्हाला पत्रलेखन छडी घेऊन शिकवलं होतं. यजमानांचा जाड कागद शिल्लक होता. मी सुवाच्य अक्षरात लिहिलं की पत्रवाहक श्री. एन. गावंडे हे चौतीस वर्षांच्या प्रदीर्घ सेवेनंतर निवृत्त झाले असून आपल्या नामांकित संस्थेची पाहणी करण्यासाठी येत आहेत, तरी त्यांना सर्वतोपरी सहकार्य मिळावे. सेवा कुठली, हे लिहायचं राहिलं. राहिलं म्हणावं की राहू दिलं, हे माझ्या त्या दिवसाच्या डायरीतही स्पष्ट नाही.

रविवारी ते लाल गाडीने गेले. मंगळवारी दुपारी जुईली माझ्याकडे आली. मी वर्तमानपत्र वाचत होते. तिने मोबाइल बरोबर अग्रलेखावर ठेवला.

"आजी, आबाजी कुठं आहेत?"

"पुतण्याकडे. गुडघा."

"मग हे कोण?"

काचेच्या कॉलेजच्या पानावरचा फोटो होता. टाय घातलेल्या दोन गृहस्थांच्या मधोमध नत्थुजी उभे, अंगावर शाल, हातात नारळ आणि पुष्पगुच्छ, गळ्यातून पिशवी आडवी. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की ज्येष्ठ तज्ज्ञ श्री. एन. गावंडे यांनी आमच्या नामांकित संस्थेची पाहणी केली, त्यांना सर्वतोपरी सहकार्य देण्यात आले.

"ही भाषा कोणाची आहे, आजी? असं इंग्रजी अकोल्यात दुसरं कोण लिहितं?"

मी चष्मा पुसायला घेतला. तो तसा स्वच्छच होता.

"तुम्हीपण त्यांना सामील," ती म्हणाली, आणि तिचा आवाज बदलला. "त्यांनी बाबांचं ठरवलं. आता माझंपण ठरवून येतील. चार वर्षं मी राहणार आहे तिथं, ते नाही राहणार."

तिचं खरं होतं. मी तसं म्हटलंही. त्यावर ती बसली, चहा घेतला आणि दोनदा तो फोटो मोठा करून पाहिला. दुसऱ्यांदा तिला हसू आवरलं नाही, पण राग गेला नव्हता.

बुधवारी दुपारी नत्थुजी उतरले. जुईलीने त्यांना घरी न जाऊ देता सरळ माझ्या बैठकीत आणून बसवलं. शाल पिशवीत होती.

"बेटा, मी आता तुले सांगतो का—"

"निकाल नाही सांगायचा. पाहिलं ते सांगा. बाकी मी पाहून घेईन."

नत्थुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही. चौतीस वर्षे ज्याने गाडी सोडायची की थांबवायची ते घंटीवर ठरवलं, त्याच्या हातातून दोरी काढून घेण्यासारखं होतं ते. त्यांनी पिशवीतली वही उघडली.

"सोमवारी काचेचं. चिठ्ठी देल्ली तं क्लार्क आत पळाला. पाच मिनिटांत चार लोकं. काजू, चहा. मले वाटलं इथं सगळ्याच आजोबाले देत असतीन."

"तुम्ही कोण ते सांगितलं नाही?"

"कोनी इचारलंच नायी. मी पानी कुठं हाय म्हटलं तं दोघं लिहून घेत होते."

"लॅब पाहिली? इलेक्ट्रिक गाडी?"

"पाहिली. गाडी हाय. मस्त हाय."

"मग?"

"टायरले माती नायी."

जुईलीने मोबाइल उपडा ठेवला.

"लेथ मशीन हायेत बारा," नत्थुजी पुढे वाचू लागले. "त्यातल्या नऊवरचं प्लॅस्टिक अजून निघालं नायी. मंग फोटो, मंग शाल. मी नगं म्हटलं होतं."

"एकदा म्हटलं असेल," मी म्हणाले.

"एकदाच. जरा हळू."

"आणि दगडी?"

"तिथं मंगळवारी गेलो, वॉचमनले चिठ्ठी देल्ली. त्यानं सगळी वाचली. म्हणे, काका, पालकांसाठी शनिवारी दोन ते चार, आज वर्ग चालू आहेत. जाऊच देल्लं नायी."

"म्हणजे आतलं काहीच पाहिलं नाही?"

"नायी. समोरच्या टपरीवर बसलो. अकरा ते साडेसहा." त्यांनी पान उलटलं. "पोट्ट्या एकसष्ट निघाल्या. एकोणीस जणीचे हात काळे, ग्रीसचे. एक सर चहा प्याले आले, त्याच्या मागं चार पोरं, एक पोट्टी, कागदाची गुंडाळी घेऊन. सराचा चहा थंडा झाला, त्यानं तसाच ठेवला. दोन पोरं रडत होती, निकाल लागला असंन. हसनारे मी मोजले नायी, लय होते."

"वाईट काय दिसलं?"

या प्रश्नाची त्यांना अपेक्षा नव्हती. वही मिटून ते म्हणाले, "होस्टेलचा जिना अंधारा हाय, बाहेरूनच दिसते. जेवन बेकार हाय, तीन पोट्ट्यानं टपरीवरच वडापाव खाल्ला. स्टँडपासून लांब हाय. अन् तुले यायाले दोन गाड्या बदलाव्या लागतीन." शेवटचं वाक्य त्यांनी खिडकीकडे पाहून म्हटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला मनातून कुठलं कॉलेज सोयीचं होतं. काचेच्या दारासमोरून अकोल्याची सरळ गाडी मिळते.

गुरुवारी चार वाजून वीस मिनिटांनी जुईलीने माझ्या बैठकीतच फॉर्म भरला. ललित उभा होता, मंजुषा उभी होती, नत्थुजी ओट्यावर पाठ करून बसले होते. जुईलीने दगडी कॉलेज पहिलं टाकलं.

"नक्की?" ललितने विचारलं.

"काचेवाल्यांनी न विचारता आबाजींना तज्ज्ञ करून टाकलं," ती म्हणाली. "मलाही असंच इंजिनिअर करून टाकतील. न शिकवता."

ओट्यावरची पाठ थोडी हलली.

लागलं तेच कॉलेज. ऑगस्टपासून रोज तक्रारी येतात. जेवण खरोखरच वाईट आहे. आणि परवा पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला, त्यात जुईली ड्रॉइंगमध्ये नापास झाली. फोनवर रडली. ललित घाबरून माझ्याकडे आला, मागून नत्थुजी.

"वर्गात एकून किती उडाले?" त्यांनी विचारलं.

"साठातले बावीस, म्हणे," ललित म्हणाला.

"मंग तिथं पेपर खरंच तपासतात," नत्थुजी म्हणाले, आणि ललितकडे न पाहता पुढे म्हणाले, "तुले येत होतं ना ड्रॉइंग. रविवारी जा तिच्याकडे. दोन दिवस राह्य. शिकवून ये तिले."

ललितने मला विचारलं, पुण्याची सकाळची पहिली गाडी किती वाजता सुटते. उत्तर नत्थुजींनी दिलं.