रोजची दीक्षा

दीक्षा माणूस जन्मात एकदा घेतो. आमच्या मोठेबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, ती दीड-दोन वर्षं रोज घेतली. अख्ख्या वर्धा जिल्ह्यात असा दुसरा कोणी असेल तर आणून दाखवा! छप्पन साली ते रोहण्याहून पायी नागपूरला दीक्षेला गेले आणि आल्या आल्या पाटलाच्या दारची पिढ्यान्‌पिढ्यांची फुकट चाकरी गावात सगळ्यांच्या आधी त्यांनीच सोडली. पुढं वर्षभरात त्यांचं डोकंच त्यांना फितूर झालं. जेवून हात धुता धुता मोठीमायला, म्हणजे आपल्या बायकोला, विचारायचे, "आज सैपाक नाई काय वो?" मला नवा मास्तर समजून माझीच चौकशी माझ्याकडे करायचे आणि वर म्हणायचे, "पुतन्या बरा हाय आमचा, पन लय बोलते."

इथवर आम्ही हसलो. पण एका सकाळी मोठेबा पायातले जोडे हातात घेऊन पाटलाच्या दारात वाकून उभे राहिले. म्हणाले, "जोहार मायबाप, आज काय काम हाय?" पाटील हसला, "काऊन रे, आला ना वापस?" मोठेबांचा मुलगा घरी येऊन ढसाढसा रडला. "उद्यापासून कोंडूनच ठेवतो," म्हणाला. मोठीमाय कडाडली, "कोंडाले ते काय ढोर हाये?"

दुसऱ्या दिवसापासून ते निघाले की ती त्यांना बाजेवर बसवायची. "अवो, ते काम तुमी सोडलं. आपन दीक्षा घेतली."

"म्या सोडलं? खरंच? पाटील काय म्हनला?"

"काय म्हनन? पाहातच राह्यला!"

मोठेबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे आणि ही बातमी घरोघर सांगत फिरायचे. सारा मोहल्ला रोज नव्यानं चकित व्हायचा. मी मेला तापट. एकदा बोलून गेलो, "कालच तर सांगितलं!" त्यांचा चेहरा असा उतरला की मला माझीच लाज वाटली. मोठीमाय म्हणाली, "तुले शिळी हाय, त्याईले ताजी हाय."

मग एका सकाळी तिनं सांगितलं आणि ते नुसते बघत राहिले. "दीक्षा म्हंजे काय वो?"

मोठीमाय त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "तुमाले आता कोनाच्याच दारात वाकाचं काम नाई."

"बरं," म्हणाले आणि बाजेवर आडवे झाले.

पाटलाच्या दारी ते जाऊ नयेत म्हणून आम्ही एवढी धडपड केली. त्या दिवसापासून ते कुणाच्याच दारी गेले नाहीत. मी मात्र कितीतरी दिवस सकाळी उंबऱ्यावर उभा राहायचो, चकित व्हायला तयार.