जीपचा चौथा बोल्ट

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी सुप्याच्या कंपनीतून सुट्टी काढून गावी आलो, तो कारच्या डिकीत एक बुटकी जुनी सीट घालूनच. भंगारवाल्याकडून उचलली होती. आमचं गाव सोनईच्या अलीकडं, आणि घराशेजारच्या पत्र्याच्या शेडात वडिलांची जुनी जीप. दसऱ्याला शिवेपलीकडं जाऊन आपट्याची पानं आणायची ती त्याच जीपमधून, हा त्यांचा नेम. पण उन्हाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय लुळा पडला, बोलणं जड झालं. गाडी चालवण्याचा प्रश्न मिटला. शेजारच्या सीटवर बसवावं, तर ती लोखंडी चौकटीवर इतकी उंच की त्यांचा पाय तिथवर उचलेना.

"आबा, यंदा माझ्या कारमधून जाऊ," असं मी फोनवर म्हणून पाहिलं होतं. मग आईचा आवाज, "त्यांनी तोंड फिरवलंय बग." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो आमच्या घरी खुर्चीत बसलेला होता. शिवाय ओढ्याच्या चिखलात माझी कार रुतलीच असती, हेही खरं. पण माझ्या मनात वेगळीच भीती होती. यंदा राहिलं तर ते कायमचं राहील, असं मला सारखं वाटत होतं.

म्हणून बेत साधा होता. उंच चौकट काढायची आणि बुटकी सीट बसवायची. चौकटीला चार कोपऱ्यांत चार बोल्ट. तासाभराचं काम, असं मी आईला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

खाली वाकून बघितलं आणि तोरा उतरला. बोल्ट कसले, गंजाचे पोपडे आलेली ढेकळं. एक तर वर्षभर त्या जीपमधून युरियाच्या गोण्या वाहायच्या, आणि वर दर खंडेनवमीला तिला आतूनबाहेरून पाइपानं आंघोळ घालायची. आबा देवाला घालावी तितक्या भक्तीनं घालायचे. ते पाणी सीटखाली साचून राहायचं, आणि वरून हळदीकुंकू. पूजेनंच बोल्ट खाल्ले होते, पण हे बोलणार कोण?

डिझेल ओतलं, हातोडीनं ठोकलं, पान्याला पाइप लावून जोर केला. दोन निघाले. तिसऱ्याची मुंडी तुटून हातात आली, तेही चाललं. चौथा, मागचा दाराकडचा, पान्याबरोबर लगेच फिरला. मी खूश झालो. तो फिरला, आणखी फिरला, फिरतच राहिला. वर येण्याचं नाव नाही. खालचा नट जमिनीच्या पत्र्याच्या पोकळीत वेल्डिंग केलेला होता. वेल्डिंग कुजलं होतं, आणि आता नटही बोल्टाबरोबर गरागरा फिरत होता. त्याला धरायला हात जाईल अशी जागाच नव्हती. घट्ट बोल्टाशी निदान भांडता येतं, पण याच्याशी काय भांडणार? मी स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटून पाहिलं, बोटं सोलून घेतली आणि तोंडाला येईल ते बोललो. आबा ओट्यावरच्या खुर्चीतून सगळं ऐकत होते.

"उद्या ग्राइंडरनं मुंडीच उडवतो," मी म्हणालो.

सकाळी उठून बघतो तर ग्राइंडर पाटावर. शेजारी पाने, हातोडी, विळे, कुऱ्हाड. सगळ्यांवर हळदीकुंकू आणि झेंडूची फुलं. खंडेनवमी होती. मी हात पुढं केला तशी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आज हत्याराला हात लावायचा न्हाई!"

"आई, दसरा उद्यावर आलाय."

"मग उद्या कर. आज त्येंची इश्रांती."

मी तरातरा शेजारी गेलो. शेजारचे मास्तर ख्रिश्चन, रिटायर झालेले. त्यांच्याकडं खंडेनवमी नाही आणि ग्राइंडर आहे. दारातच ते हसले. "तुझी आई सकाळीच सांगून गेली. म्हणाली, पोरगं ग्राइंडर मागायला येईल, देऊ नका. आता तूच सांग, मी दसऱ्याच्या पुरणपोळीला मुकू का?"

अंगाचा तिळपापड झाला. गावातल्या वेल्डिंगवाल्याचं शटर बंद, आणि त्या शटरलाही हार. मी ओट्यापासून शेडापर्यंत आणि शेडापासून ओट्यापर्यंत येरझाऱ्या घालत राहिलो. दहा वेळा जीपपाशी गेलो आणि तो बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवून आलो.

"बस... की," आबा म्हणाले.

मला बसवेना. शेवटी रागानं मी त्या सीटलाच लाथ घातली.

सीट फिरली. तीन कोपरे सुटलेले, चौथा मोकळा फिरणारा. त्या एका बोल्टाभोवती अख्खी चौकट दारातून बाहेर आली आणि हवेत थांबली. मी तिला आत ढकललं, पुन्हा बाहेर ओढलं. मग ओट्याकडं बघितलं. ओट्याची उंची आणि जीपच्या जमिनीची उंची जवळजवळ सारखीच होती. मी आबांकडं बघितलं, तर त्यांची नजर ओट्याच्या कडेवर होती.

दसऱ्याला दुपारी जीप ओट्याला अगदी खेटून लावली. सीट बाहेर फिरवून ओट्यावर टेकवली. आबांना पाय उचलावाच लागला नाही. मी आणि मास्तरांनी त्यांना खुर्चीतून सीटवर सरकवलं आणि सीटसकट आत फिरवलं. निघालेल्या बोल्टांतला एक जागी घालून आवळला, त्यांच्या पोटावरून दोर बांधला. आईनं मला आणि आबांना ओवाळलं. तिला रडू येत होतं आणि ती ते जीपच्या धुरावर ढकलत होती.

आबा त्या डाव्या सीटवर जन्मात कधी बसले नव्हते. मी चालवायला लागलो तसे ते रस्त्याऐवजी माझ्या पायांकडं बघत होते, त्यामुळं माझे गिअर आणखीच खरखरू लागले. शिवेजवळ ओढा लागला. पलीकडं उभा चढ. मध्यावर जीपचा दम संपला, थरथरायला लागली. मी घाईनं क्लच दाबला आणि गिअरच्या दांड्याकडं हात नेला.

दांड्यावर आधीच हात होता. आबांचा उजवा. आयुष्यभर डाव्या हातानं टाकलेला गिअर त्यांनी उजव्या हातानं पहिल्यात टाकला, खरखर न होता.

"क्लच... सोड."

मी सोडला, आणि आबांनी गाडी शिवेपलीकडं नेली.