सशाचा उपास

एका आजारी सशाला मी उपास घडवला होता, तोही केस पेपरवर सही करून. आता नातवंडांना ‘ताट पुसून खा’ म्हणून दटावते, तेव्हा ते आठवतं आणि माझं मलाच हसू येतं. त्या दिवशी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं.

नोकरी मोखाड्याकडे. मी जनावरांची डॉक्टर. गाय, बैल, शेळी, कोंबडी यांत तयार. इतकी तयार, की मालकाचं नाव लिहून व्हायच्या आत माझं निदान झालेलं असे. भाजी आणायला जातानाही गळ्यात स्टेथोस्कोप!

सकाळी पोशेऱ्याहून काशिनाथबाबा आले. टोपलीत पांढरा ससा. पोट फुगलेलं, अंग आखडून बसलेला, कालपासून लेंडी नाही.

“नातीचा आहे, बाय. रोशनी आश्रमशाळेत राहते. शिमग्याला येईल तवर सांभाळतो म्हणून शब्द दिला तिला. परवा येते ती.”

मी पोटाला हात लावला. शेळीचं पोट फुगलं की सांगायचे तेच ठोकून दिलं. “चोवीस तास काही खायला देऊ नका. पोट आपोआप उतरेल.” पेपरवर ‘फास्टिंग’ लिहिलं. खाली झोकात सही.

दुपारी ठाण्याच्या नीताला फोन लावला. ती माझी वर्गमैत्रीण. कुत्री, मांजरं, ससे बघते. खरं तर फुशारकी मारायला लावला होता.

“आज माझ्याकडे सशाची केस आली. फास्टिंगवर ठेवलाय.”

“कशावर?”

“फास्टिंग. चोवीस तास.”

“तू डॉक्टर आहेस की त्याची वैरीण? अगं, मारशील त्याला!”

मग तिने मला शाळेतल्या मुलीसारखं समजावलं. सशाला उलटी करता येत नाही. त्याची आतडी सतत हलती राहावी लागतात, आणि गवतातल्या चोथ्यानेच ती हलतात. खाणं थांबलं की आतडी मंदावतात, गॅस धरतो, पोट दुखतं, म्हणून तो आणखीच खात नाही. याला स्टॅसिस म्हणतात. एका दिवसातही ससा जाऊ शकतो.

“आणि ससा घाबरला तरी हेच होतं,” ती म्हणाली. “त्या घरात काय चाललंय ते आधी बघ.”

स्कूटी काढली. सलाईन, सिरिंजा पिशवीत कोंबल्या आणि पोशेरा गाठला.

दारातच थिजले. मधल्या खोलीत पिंजरा. त्याच्या वर भिंतीला बोहाड्याचे, म्हणजे आमच्याकडच्या सोंगांच्या उत्सवाचे मुखवटे. दहा तोंडांचा रावण थेट सशावर डोळे वटारून. आणि हातभर अंतरावर काशिनाथबाबा संबळ बडवत तालमीला बसलेले. दर ठोक्याला ससा दचकत होता.

“बाबा, हे कधीपासून?”

“आठ दिस झाले. त्याला पण करमतं.”

“खायला काय घालत होता?”

“नागलीची भाकर, गूळ. कधी भात.”

“आणि गवत?”

चुलीपाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने, जानीआजीने, माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच वेडी. “नातीनं ठेवलेला पाहुणा तो. पाहुण्याला कोणी गवत वाढतं का?”

त्यांनी मानाने पिठूळ, गोड खाऊ घालून आतडी मंदावली, संबळाने भीती घातली आणि उरलेलं काम मी सही करून पुरं केलं होतं.

संबळ बंद केला. पिंजरा मागच्या पडवीत शांत कोपऱ्यात नेला. फोनला रेंज फक्त अंगणातल्या आंब्याखाली, त्यामुळे दर डोसला नीताला विचारायला मी तिथे पळत होते. पोट पुन्हा नीट चाचपलं. ढोलासारखं ताठ नव्हतं, तेवढाच धीर. दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली कोमट सलाईन सोडलं. मग कोवळा पाला वाटून, पाण्यात कालवून सिरिंजने थोडा थोडा भरवला. पुढ्यात गवताची पेंढी ठेवली. मी निघताना काशिनाथबाबा एवढंच म्हणाले, “पोरीला काय सांगू?” मी पेंढी सशाच्या आणखी जवळ सरकवली.

सकाळी उजाडताच पुन्हा गेले. पिंजऱ्यात लेंड्या! बारक्या, वेड्यावाकड्या, पण लेंड्या. ससा गवताची काडी कुरतडत होता. मी पडवीतच फतकल मारून बसले.

“आजी, चूक माझी,” मी म्हटलं. “उपाशी ठेवा म्हणाले, ते साफ चुकलं.”

“ठेवला कुठं उपाशी?” जानीआजी शांतपणे म्हणाल्या. “दारचा पाहुणा उपाशी बघवेना. भाकर दिली तं तुम्ही ओरडाल. गवत काय जेवण नाही, म्हणून काल तुम्ही यायच्या आधीच गोठ्यातलं मूठभर टाकलं पुढ्यात. चार काड्या चघळल्या त्यानं.”

त्या चार काड्यांनी माझ्या सहीपेक्षा जास्त काम केलं होतं. तेव्हापासून पेशंट काय खातो आणि कुठे बसतो, हे विचारल्याशिवाय मी पेनाचं टोपण काढलं नाही.

मी स्कूटीला किक मारली तशा जानीआजी जवळ आल्या. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, “पोरीला मी सांगन, डाक्टरीणबायनं ससा वाचवला. पण बाय, आमचा बैल आजारी पडला, तं दवा देण्याआधी मला विचारा हां.”